फरहानच्या लेन्सचे पैसे कोणी दिले?

इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर ‘थ्री इडियट्स’ इतक्या वेळा पाहिला जातो की संवाद आधी आपल्या तोंडून येतात, मग लॅपटॉपमधून. राजकुमार हिरानींचा हा सिनेमा २००९चा. तरी नोकरी सोडून कॅमेरा हातात घेऊ पाहणारा इंजिनिअर घरी बोलायला बसला, की आजही सगळ्यांच्या डोक्यात फरहान कुरेशीच असतो. रँचोवर भरपूर लिहून झालंय. मला फरहानबद्दल बोलायचंय.

फरहानला वाइल्डलाइफ फोटोग्राफर व्हायचंय. आंद्रे इस्तवान या हंगेरीतल्या फोटोग्राफरला लिहिलेलं पत्र पाच वर्षं त्याच्याकडेच पडून आहे. रँचो ते परस्पर पोस्टात टाकतो, तिकडून असिस्टंट म्हणून बोलावणं येतं आणि मग तो प्रसिद्ध प्रसंग येतो: बाप, मुलगा आणि इंटरव्ह्यूसाठी आणलेला लॅपटॉप. प्रसंग खरंच चांगला आहे. परीक्षित साहनींनी उभा केलेला बाप खलनायक नाही. घरातला एकुलता एक एसी त्याने पोराच्या खोलीत बसवलाय. आणि तो विरघळतो तेव्हा आशीर्वादाचं भाषण देत नाही. प्रोफेशनल कॅमेरा केवढ्याला येतो, एवढंच विचारतो. फोटोग्राफीच्या व्यवहाराबद्दल अख्ख्या सिनेमात विचारलेला हा एकमेव प्रश्न, आणि तो विचारतो बाप.

त्यानंतर थेट कट. पुढे शेवटाकडे फरहानची पुस्तकं दिसतात. मधली वर्षं गायब.

आता राजू आठवा. त्याच्या कॅम्पस इंटरव्ह्यूला पूर्ण प्रसंग मिळतो. पॅनल, अडचणीचे प्रश्न, नोकरीची ऑफर, सगळं. म्हणजे इंजिनिअरची नोकरी कशी लागते हे सिनेमाला दाखवता येतं, फोटोग्राफरचं काम कसं लागतं हे येत नाही. फरहान बापाला सांगतो की सुरुवातीला पैसे कमी मिळतील. किती कमी? बाप कॅमेऱ्याची किंमत विचारतो, लेन्सची नाही. पक्षी-प्राण्यांसाठी वापरतात ती ६०० मिलिमीटर एफ/४ लेन्स आज दहा लाखांच्या पुढे जाते. (सिनेमात मिलिमीटर नावाचं पात्र आहे, पण लेन्सच्या मिलिमीटरचा विषय नाही.)

सिनेमाला एक गोष्ट मात्र बरोबर कळलीय: कोणीतरी दार उघडावं लागतं. रघु राय सिव्हिल इंजिनिअरिंग शिकलेले. पण त्यांचे थोरले भाऊ एस. पॉल आधीच फोटोग्राफर होते, आणि १९६०च्या दशकात ‘द स्टेट्समन’मध्ये लागलेली नोकरी त्यांनी १९७६पर्यंत केली. म्हणजे महिन्याला पगार होता. १९१३ साली जन्मलेल्या होमाई व्यारावाला मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, माणेकशांकडून कॅमेरा शिकल्या. पुढे त्यांच्याशीच लग्न झालं. सुरुवातीचे फोटो छापून आले तेही माणेकशांच्याच नावावर. दार उघडतं, पण आत गेल्यावर बराच काळ असं दुसऱ्याच्या सावलीत काम करावं लागतं. ‘थ्री इडियट्स’ने ती सावलीच कापून टाकली.

माझा एक मित्र पुण्यातली आयटीतली नोकरी सोडून या धंद्यात उतरला. वाघ-बिघ नाही, लग्नाच्या ऑर्डरी. पहिलं वर्ष तो सेकंड शूटर होता. मेन फोटोग्राफर स्टेजवर, हा वऱ्हाडाच्या पंगतीत. रात्री घरी आल्यावर सगळी कार्डं दोन हार्ड डिस्कवर उतरवायची, चार हजार फोटोंमधून चारशे काढायचे आणि सकाळी दुसरी हळद. चातुर्मासात मुहूर्त तुरळक, ईएमआय मात्र बारमाही. तेव्हा तो साड्यांचे प्रॉडक्ट फोटो काढतो, दिवसाला पन्नास-पन्नास. त्याचा हात आता खरंच तयार झालाय, आणि माझ्या मते तो साड्यांनीच झालाय. पांढऱ्या भिंतीसमोर लाइट लावताना लपायला जागा नसते.

त्याच्या बाबतीत बापाच्या परवानगीचा प्रसंग घडलाच नाही. काकांनी पहिल्याच दिवशी ‘कर’ म्हटलं. सिनेमा जिथे जिंकून थांबतो, तिथे तो चहा पिता पिता पोचला होता, आणि त्यापुढे काय करायचं हे सांगणारा एकही सीन त्याच्याकडे नव्हता.

काका हल्ली त्याला फोनवर एकच विचारतात, मेच्या लग्नाचं उरलेलं पेमेंट आलं का?