रुखसतीचे अश्रू आणि मुलीचा वाटा

आमच्या किनवटला निकाहानंतर रुखसतीची वेळ झाली की बँडवाला 'नीलकमल'मधले 'बाबुल'चे गाणे सुरू करतो. त्याला कुणी फर्माईश करावी लागत नाही. मांडवातले पुरुष मान खाली घालतात आणि मुलीचे अब्बा खांबाला धरून उभे राहतात. वरात बहुधा आदिलाबादची असते. 1956 पर्यंत किनवट तालुका त्याच जिल्ह्यात होता. पुढे तालुका महाराष्ट्रात आला आणि जिल्हा आंध्रात गेला, आता तो तेलंगणात आहे. पण सोयरिकी तुटल्या नाहीत.

या घडीला बापाच्या मनात काय चालते, याबद्दल आपल्या साहित्याने पुष्कळ सांगितले आहे. मात्र जे सांगितले त्याइतकेच जे टाळले तेही तपासायला हवे, असे आम्हाला वाटते.

सुरुवात कालिदासापासून करू. 'शाकुंतला'च्या चौथ्या अंकात कण्व मुनींचा कंठ दाटतो. आपण अरण्यात राहणारे विरक्त, तरी ही अवस्था. मग संसारी बापांचे काय होत असेल, हा विचार त्यांच्या मनात येतो. शकुंतला त्यांच्या पोटची नाही, सांभाळलेली आहे, म्हणून हे दुःख अधिकच खरे वाटते. पण अंक संपताना हेच कण्व म्हणतात की मुलगी ही परक्याची ठेव, ती पोचती झाली, आता मन मोकळे झाले. दुष्यंताला निरोप धाडताना तर ते इतर राण्यांच्या बरोबरीचा मान तिला मिळावा एवढेच मागतात. त्यापुढचे नशिबावर; मुलीकडच्यांनी बोलू नये.

रसिक चौथ्या अंकावर थांबतात. आम्ही म्हणतो, लगेच पाचवा वाचावा. राजा शकुंतलेला ओळख देत नाही, तेव्हा कण्वांचा शिष्य शार्ङ्गरव तिला परत न्यायला नकार देतो. नवऱ्याच्या घरी दासी होऊन राहणेही तिला योग्यच, असे तो सुनावतो. ठेव एकदा पोचती केली की परत घ्यायची नसते. चौथ्या अंकातल्या अश्रूंचा हिशेब पाचव्या अंकात असा चुकता होतो.

सिनेमाने हीच रीत पुढे चालवली. 'नीलकमल' (1968) मधले गीत साहिर लुधियानवींचे, आवाज रफींचा आणि पडद्यावर बाप झालेले बलराज साहनी. त्या बापाची दुआ अशी की सासरच्या सुखात लेकीला माहेराची आठवणही येऊ नये. दुआ प्रेमाचीच आहे, पण तीत माहेराचा दरवाजा अलगद लोटून घेतला जातो. त्याच चित्रपटात पुढे ती मुलगी सासरी संशयाच्या फेऱ्यात सापडते, हे गाणे ऐकताना कुणाच्या लक्षात राहत नाही. मराठीत 'अष्टविनायक' (1979) मधले शांताराम नांदगावकरांचे गीत वसंतराव देशपांडे गातात. त्यातला बाप लाडक्या लेकीला 'आपल्या' घरी धाडतो. मग आजवर ती राहिली ते घर कुणाचे होते?

या बापांचे दुःख खोटे आहे, असे आम्ही म्हणत नाही. मुलगी बापाची झालेली कुणीही तसे म्हणणार नाही. आमची तक्रार एवढीच की या रचनांत बाप फक्त रडतो. सोयरीक त्याने ठरवली, देणेघेणे त्याने ठरवले. गाण्यात मात्र हे सारे नियतीने केले असे वाटते. त्याच्या अश्रूंनी त्याची जबाबदारी धुऊन निघते.

याच्या अगदी उलट बाजूने बोलते ते 'काहे को ब्याहे बिदेस'. हे गीत अमीर खुसरोंच्या (1253-1325) नावावर आहे. ते तोंडी परंपरेतून आल्याने शब्द त्यांचेच का, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण बोलणारी मुलगी आहे, यात वाद नाही. शाळेत उर्दू शिकवताना आम्हाला दिसले की मुलांना या गीतात विरह दिसतो आणि मुलींना दुसरेच काही दिसते. ती बापाला जाब विचारते: भावाच्या वाट्याला हवेली आली आणि माझ्या वाट्याला परदेस का? इतक्या मऊ चालीत वाटणीचा इतका थेट प्रश्न दुसऱ्या कुठल्या विदाई गीतात आम्हाला आढळला नाही.

हा प्रश्न आम्हा मुसलमानांना अधिक टोचायला हवा. 'पराया धन' ही कल्पना आमच्या दीनमध्ये बसत नाही. सूरह निसाच्या अकराव्या आयतीने मुलीला विरासतीत हिस्सा दिला. तो मुलाच्या निम्मा, पण ठरलेला. लग्नाने तो संपत नाही. जिचा आपल्या मालमत्तेत हक्क आहे ती परकी कशी? व्यवहारात मात्र 'जहेज दिला, म्हणजे वाटा पोचला' म्हणून आपण मोकळे होतो. 1937 च्या शरियत कायद्याने शेतजमिनीचा विषय बाजूलाच ठेवला. आणि बाप गेल्यावर हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेणे तर सगळ्याच धर्मांतल्या भावांना जमते. 1994 च्या राज्याच्या आणि 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हक्क दिला, तरी सही घेण्याची रीत गेली नाही. माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. रुखसतीला रडलेल्या बापाने हयातीतच हे मिटवले असते, तर तिच्यावर ही वेळ आली नसती.

आपल्याकडे बापाचे दुसरे चित्रही आहे. हजरत फातिमा (रजि.) घरी आल्या की पैगंबरसाहेब (स.) उठून उभे राहत, त्यांचा हात धरून चुंबन घेत आणि त्यांना आपल्या जागी बसवत, असे हदीसमध्ये आहे. निकाहानंतर लेक जवळ राहावी अशी त्यांची इच्छा होती आणि हारिसा बिन नुअमान यांनी आपले घर त्यासाठी दिले, असे सीरतकार सांगतात. इथे बापाचे प्रेम मुलगी जाताना दिसते त्याहून अधिक ती येताना दिसते.

आपल्या मुस्लिम मराठी लेखनाने तलाक, दंगली, गरिबी यांवर धीटपणे लिहिले. घरातल्या बापावर मात्र आम्ही हात राखून लिहितो, कारण तो बाप बहुतेक वेळा आम्हीच असतो. आदिलाबादहून गाडी किनवटला थांबते आणि एखादी लेक पोराला कडेवर घेऊन, न कळवता उतरते. तिच्या हातातली पिशवी नेहमीपेक्षा मोठी असते. दारात तिला पाहून बाप उठतो की बसूनच विचारतो, 'कितने दिन के लिए आई?' या एका वाक्यावर कुणीतरी कथा लिहावी. रुखसतीची गाणी आपल्याकडे भरपूर झाली आहेत.