महाडचे भाषण आणि न्यूयॉर्कचा निबंध

विद्यार्थ्यांचे परदेशी जाणेयेणे वाढले म्हणजे भिन्न संस्कृतींत समजूत वाढते, हे मत सुशिक्षित घरांतून आता वादातीत मानले जाते. परंतु समजूत वाढते म्हणजे नेमके काय घडते, याचा विचार क्वचितच होतो. परस्परांच्या भाषेची तोंडओळख, पाहुणचार व सणांचे कौतुक एवढ्यावरच बहुतेकांचे समाधान होते. हे समाधान कितपत पुरेसे आहे हे पाहावयाचे असेल, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या दोन कृती शेजारी ठेवून वाचाव्या. पहिली, ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात प्रा. गोल्डनवायझर यांच्या वर्गात वाचलेला भारतातील जातींविषयीचा इंग्रजी निबंध. दुसरी, २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथील परिषदेत केलेले मराठी भाषण.

सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली न्यूयॉर्कला गेलेला हा विद्यार्थी निबंधाच्या आरंभी पॉम्पेईचे अवशेष दाखविणाऱ्या वाटाड्याची उपमा योजतो. मानववंशशास्त्राचा अभ्यासकही असाच एक वाटाड्या, असे तो म्हणतो. स्वर शांत आहे. स्वतः सोसलेल्या अपमानाचा उच्चार नाही. जातीतच विवाह करण्याचे बंधन हे जातिसंस्थेचे मर्म होय, हा त्याचा सिद्धांत. तो मांडताना कॉर्नेल विद्यापीठात शिकलेल्या श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या ग्रंथाचा तो आदराने परामर्श घेतो आणि त्यांनी सांगितलेली जातीची दोन लक्षणे वस्तुतः एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, असे दाखवितो. आपल्या समाजाविषयी दोन मराठी विद्यार्थ्यांचा हा विचारविनिमय अमेरिकेतील विद्यापीठांच्या आश्रयाने व्हावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. घरी ज्या विषयाला हात लावणे अवघड, तो तेथे तटस्थपणे तपासता आला.

मात्र वर्गात समजावून सांगितलेले घरी पटेलच असे नव्हे. १९१७ साली परत आल्यावर याच पदवीधरास बडोद्यात राहावयास जागा मिळेना.

महाडचे भाषण या पार्श्वभूमीवर वाचावे. महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव पूर्वीच केला होता. पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी अस्पृश्यांनी तेथील पाणी घेतले, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली, तेव्हा न्यायालयाचा मनाईहुकूम आड आला होता. पोलादपूर-महाडच्या त्या डोंगराळ मुलुखात, कष्टकरी श्रोत्यांपुढे, वक्त्याने १७८९ सालच्या फ्रान्सच्या राष्ट्रसभेचा इतिहास उलगडला. पूर्वी परक्यांस आपला समाज दाखविणारा वाटाड्या आता आपल्या माणसांस परक्यांचा इतिहास दाखवीत होता.

ही तुलना सर्वांशी जुळते असे आम्हांस वाटत नाही. फ्रान्सची सभा राजाच्या आमंत्रणाने भरली आणि तिने लवकरच सत्ता हाती घेतली; महाडच्या सभेपाशी सत्ता नव्हती. तथापि वक्त्याचा हेतू साम्य सिद्ध करण्याचा नसून श्रोत्यांची दृष्टी तळ्याच्या काठापलीकडे नेण्याचा होता, आणि तो साधला आहे. पाण्याचा प्रश्न मनुष्यत्वाच्या हक्काचा होतो, तो येथे. शिवाय रोटीबंदी सुटून भागणार नाही, बेटीबंदी मोडली पाहिजे, हे त्या भाषणातील प्रतिपादन म्हणजे अकरा वर्षांपूर्वीच्या निबंधाचाच सिद्धांत. फरक एवढाच की निबंधात तो निदान होता, येथे तो उपाय झाला. पारिभाषिक शब्द गळून गेले आहेत, विचाराची धार गेलेली नाही. परदेशी विद्या पचली की नाही, याची याहून चांगली खूण आम्हांस ठाऊक नाही.

कोलंबिया विद्यापीठाने १९५२ साली आपल्या या विद्यार्थ्यास सन्मान्य पदवी दिली. तळ्याचा दावा मात्र मुंबई उच्च न्यायालयात १९३७ सालापर्यंत चालला, व निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. आज अनेक मराठी घरांतून मुले परदेशी जातात. तिकडच्या लोकांस आपली संस्कृती समजावून सांगा, असे आपण त्यांस बजावतो. परत आल्यावर ती आपल्यासच आपल्याविषयी काही सांगू लागली, तर ऐकून घेण्याची तयारी आहे काय, हे प्रत्येक घराने स्वतःस विचारावे.