०.७६, १.०८ आणि मामाच्या डब्यातली तीन पाकिटं

दिवाळीत मामाकडे गेले तेव्हा त्याच्या औषधांच्या डब्यात तीन नवीन पाकिटं दिसली. एरवी मेटफॉर्मिन आणि बीपीची गोळी, एवढंच असायचं. आता पोट बिघडतं म्हणून प्रोबायोटिक कॅप्सूल, पायाला मुंग्या येतात म्हणून "नसांची" गोळी आणि नावं पटकन आठवत नाहीत म्हणून "मेंदूची". तिन्ही कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने सुचवलेली. मेंदूच्या गोळीच्या खोक्यावर लिहिलं होतं की यातली व्हिटॅमिन्स मेंदूचं आकुंचन कमी करतात हे ऑक्सफर्डमध्ये सिद्ध झालंय. मामा म्हणाला, "तू नसांचंच शिकतेस ना गं? बघ की, खरं आहे का हे."

माझं काम मज्जातंतूंवरच्या मायलिनचं आहे, त्यामुळे तो पेपर मी आधी वाचला होता. परत वाचला. आणि गंमत अशी की खोक्यावरचं वाक्य खोटं नाही. म्हणूनच त्याच्याबद्दल लिहावंसं वाटलं. साफ खोटा दावा पकडायला सोपा असतो, अर्ध्यावर तोडलेल्या खऱ्या दाव्याचं काय करायचं?

पेपर २०१० चा, प्लॉस वन या जर्नलमधला. डेव्हिड स्मिथ, हेल्गा रेफसम आणि सहकाऱ्यांचा. सत्तरीच्या पुढचे, सौम्य विस्मरण असलेले (पण डिमेन्शिया नसलेले) २७१ लोक. निम्म्यांना दोन वर्षं रोज फॉलिक अॅसिड ०.८ मिग्रॅ, बी-१२ ०.५ मिग्रॅ आणि बी-६ २० मिग्रॅ, बाकीच्यांना प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. सुरुवातीला एक एमआरआय, शेवटी एक. दोन्ही एमआरआय झाले ते १६८ जणांचे. प्लासिबोवाल्यांचा मेंदू वर्षाला सरासरी १.०८ टक्के आकसला, व्हिटॅमिनवाल्यांचा ०.७६ टक्के. हा फरक "३० टक्क्यांनी कमी" असाही सांगता येतो आणि "वर्षाला ०.३२ टक्क्याचा" असाही. गणित दोन्हीकडे बरोबरच. खोक्यावर कुठला आकडा जातो हे तुम्हाला माहीत आहे.

पण मला खरं महत्त्वाचं वाटतं ते पुढचं कोष्टक. या प्रयोगामागचा तर्क होमोसिस्टीनचा आहे. होमोसिस्टीन हे शरीरात तयार होणारं एक अमिनो आम्ल. त्याचं परत मेथिओनिन करायला बी-१२ आणि फोलेट लागतं. ही दोन कमी पडली की होमोसिस्टीन रक्तात साचतं. मेथिओनिनपासून पुढे जे रसायन बनतं ते मायलिनच्या देखभालीलाही लागतं, म्हणजे इथे माझ्या कामाशी गाठ पडते. आता बघा: ज्यांचं होमोसिस्टीन सुरुवातीलाच १३ मायक्रोमोलच्या वर होतं त्यांच्यात आकुंचन तब्बल ५३ टक्क्यांनी मंदावलं. आणि ज्यांचं मुळात कमी होतं त्यांच्यात फायदा दिसेनासा झाला.

म्हणजे पेपर "ही व्हिटॅमिन्स मेंदूला चांगली" असं म्हणतच नाहीये. ज्यांच्यात ही साखळी अडली होती त्यांची ती सुटली, असं म्हणतोय. खोक्यावर "कोणाला" हा शब्दच गाळलाय.

पेपरवर माझे आक्षेपही आहेत. मुख्य निष्कर्ष मेंदूच्या आकारमानाचा आहे, स्मृतीचा नाही. स्मृतीचे निकाल याच गटाने नंतर वेगळे छापले आणि तिथेही फायदा प्रामुख्याने होमोसिस्टीन जास्त असलेल्यांतच दिसला. १६८ माणसांचे चार गट पाडले की एकेका गटात चाळीसेक उरतात, त्यामुळे ५३ हा आकडा मी जपूनच उच्चारीन. फॉलिक अॅसिडच्या अल्झायमरमधल्या वापरावर ऑक्सफर्डची पेटंट्स आहेत आणि त्यांत संशोधक म्हणून स्मिथ यांचं नाव आहे. हे पेपरमध्येच जाहीर केलंय, लपवलेलं नाही. वाचताना लक्षात ठेवायचं, इतकंच.

दुसऱ्या बाजूला २०१४ चं एक विश्लेषण नेहमी तोंडावर फेकलं जातं: ११ प्रयोग, २२,००० माणसं, बी व्हिटॅमिन्सनी होमोसिस्टीन पाव हिश्श्याने उतरलं, बुद्धीवर परिणाम शून्य. प्रकरण संपलं? मला नाही पटत. त्यातले कितीतरी प्रयोग हृदयविकार टाळण्यासाठी केलेले होते, स्मृतीची चाचणी जाता जाता उरकलेली आणि तीही ढोबळ. मुख्य म्हणजे प्लासिबो घेणाऱ्यांची बुद्धीही त्या काळात फारशी घसरली नाही. जिथे घसरणच नाही तिथे गोळीने थांबवायचं काय? या विश्लेषणातून सरसकट सगळ्यांना गोळ्या देण्यात अर्थ नाही हे नक्की कळतं. कमतरता असलेल्यांबद्दल ते फारसं बोलतच नाही.

आणि कमतरता कुठे आहे? ऑक्सफर्डपेक्षा आपल्याकडे कितीतरी जास्त. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास छापला. खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय. ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी. ५८ टक्क्यांचं होमोसिस्टीन १५ च्या वर. शहरी मध्यमवर्गात तर हेच आकडे ८१ आणि ७९! ऑक्सफर्डच्या पेपरात १३ च्या वरचे म्हणजे सर्वांत वरचा चतुर्थांश. आपल्याकडच्या सुस्थितीतल्या पुरुषांत १५ च्या वर ही नेहमीची गोष्ट. अर्थात ही माणसं मध्यमवयीन होती, विस्मरणाची तक्रार घेऊन आलेली नव्हती. तेव्हा तिथला निकाल इथे जसाच्या तसा चिकटवता येणार नाही. पण व्हिटॅमिनचा प्रश्न "थट्टेवारी न्यायचा फॅड" नाही, एवढं यावरून कळतं.

शाकाहार हे यातलं मोठं कारण. इथे हमखास कोणीतरी म्हणतं, "पण आतड्यातले जिवाणू बी-१२ बनवतात ना? मग पोट निरोगी ठेवलं की झालं." बनवतात, खरंय. पण बहुतेक मोठ्या आतड्यात, आणि बी-१२ शोषलं जातं लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात. म्हणजे कारखाना गावाच्या खालच्या अंगाला आणि पाट वरून वाहतोय. इडली, आंबील खुशाल खा, मलाही आवडते, पण बी-१२ साठी त्यांच्यावर विसंबू नका. स्पिरुलिनात जे "बी-१२" मोजलं जातं त्यातलं बरंचसं माणसाला न चालणारं, नुसतं तसं दिसणारं असतं.

प्रोबायोटिकबद्दल थोडक्यात. ओडिशातल्या साडेचार हजार नवजात बाळांवरच्या प्रयोगात (नेचर, २०१७) एका विशिष्ट लॅक्टोबॅसिलसने जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून ९ टक्क्यांवरून ५.४ वर आले. विलक्षण निकाल. उलट ब्रिटनमधल्या जवळजवळ तीन हजार वृद्ध रुग्णांत (लॅन्सेट, २०१३) अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब प्रोबायोटिकने कमी झाले नाहीत. दुसरा जिवाणू, दुसरं वय, दुसरा आजार. मामाच्या कॅप्सूलवर जिवाणूचा नेमका वाणही लिहिलेला नव्हता. त्याचं पोट बहुधा मेटफॉर्मिननेच बिघडत असावं, ते त्याचं अगदी नेहमीचं लक्षण आहे.

आणि मेटफॉर्मिन बी-१२ पण कमी करतं. नेदरलँड्समध्ये ३९० मधुमेही रुग्णांवर चार वर्षांहून जास्त चाललेल्या प्रयोगात (बीएमजे, २०१०) बी-१२ प्लासिबोच्या तुलनेत १९ टक्क्यांनी उतरलं. मामा बारा वर्षं मेटफॉर्मिनवर आहे, अंडंही खात नाही आणि त्याच्या पायाला मुंग्या येतात. मधुमेहाने नसा बिघडल्या तरी मुंग्याच येतात, बी-१२ नसलं तरी मुंग्याच. पहिल्या कारणाने गेलेलं सहसा परत येत नाही. दुसरं वेळेत पकडलं तर बरंचसं परत येतं.

मग नसांची गोळी घेतली ते बरंच झालं की! तसं नाही. त्यात मेथिलकोबालामिन, म्हणजे बी-१२, १५०० मायक्रोग्रॅम होतं. गरज दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅमची. एवढा मोठा डोस वाया जात नाही, त्यातला एखादा टक्का नेहमीची वाट सोडूनही आत शिरतो आणि तेवढा पुरतो. माझी तक्रार डोसबद्दल नाही. तक्रार ही की गोळी तपासणीच्या आधी सुरू झाली. रक्तातलं बी-१२ लगेच वर जातं आणि मग आधी काय होतं ते कळायचा मार्ग बुजतो. शिवाय त्यात फॉलिक अॅसिड होतं. बी-१२ ची कमतरता असताना नुसतं फॉलिक अॅसिड दिलं तर रक्तक्षय सुधारतो, डॉक्टरांना रिपोर्ट बरा दिसतो आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. मामा गोळी मुंग्या वाढल्या की घ्यायचा, कमी झाल्या की बंद. सलग पंधरा दिवससुद्धा नाही.

बी-६ मेंदूच्या आणि नसांच्या, दोन्ही गोळ्यांत होतं. १९८३ मध्ये रोज काही ग्रॅम बी-६ घेणाऱ्या सात जणांची नोंद छापली गेली. त्यांच्या संवेदनेच्या नसा इतक्या बिघडल्या होत्या की चालताना तोल जाई. ग्रॅम हा प्रचंड डोस आहे, पण तेव्हापासून सुरक्षित मर्यादा खालीच येत गेली. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये ती दिवसाला १२ मिग्रॅवर आणली. ऑस्ट्रेलियात १० मिग्रॅच्या वर मुंग्या-बधिरपणाचा इशारा छापावा लागतो. मामाच्या दोन्ही गोळ्यांची बेरीज केली: २३ मिग्रॅ. मुंग्यांसाठी घेतलेल्या गोळीवर दुसऱ्या देशात मुंग्यांचाच इशारा असता.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मामाला त्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी घोट्यावर ट्यूनिंग फोर्क ठेवला, मामाला कंप जाणवला. अंगठ्यावर ठेवला, मामा म्हणाला, "लावा की आता." तो लावलेलाच होता. रक्तातलं बी-१२ नॉर्मल आलं, येणारच होतं. डॉक्टर म्हणाले, आता कारण शोधत बसण्यापेक्षा नुसतं बी-१२ नियमित देऊ, साखर सांभाळू आणि सहा महिन्यांनी परत बघू. मामीने उरलेली पाकिटं डब्यातून काढून मेडिकलवाल्याकडे परत न्यायला सांगितली. त्याने उघडलेली घेतली नाहीत.