तर्जनी आणि दटावणी : शिल्पचित्रांच्या वाचनातील एक प्रश्न

दटावणी ही मुळात वाणीची क्रिया होय. चित्र आणि शिल्प तर मुके असते. तेव्हा ती दाखवावयाची झाल्यास कलावंताला तिचे चिन्ह शरीरात शोधावे लागते. भाषेने ते आधीच शोधून ठेवले आहे. संस्कृतातील ‘तर्ज्’ या धातूचा अर्थ धमकावणे, दटावणे असा असून अंगठ्याजवळच्या बोटाला ‘तर्जनी’ हे नाव त्यावरूनच मिळाले. मूर्तिशास्त्रातही ‘तर्जनी मुद्रा’ प्रसिद्ध आहे. त्यामुळे उगारलेले बोट दिसताच तेथे दटावणी आहे, असे मानण्याकडे समीक्षकाचा कल होतो. तो तपासून पाहणे अवश्य आहे.

अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात उपसलेली तलवार घेतलेला राजा आणि त्याच्या पायांशी वाकलेली स्त्री असे एक चित्र आहे. क्षांतिवादी जातकाशी त्याचा संबंध सामान्यतः जोडला जातो. राजाचा क्रोध येथे शस्त्राइतकाच त्या स्त्रीच्या दुमडलेल्या देहातून कळतो. यशोदेने कृष्णाला उखळीशी बांधल्याचा, चित्रकारांचा आवडता प्रसंगही असाच आहे. भागवताच्या दशम स्कंधात दावे प्रत्येक वेळी दोन बोटे अपुरे पडते. अखेर आईची दमणूक पाहून कृष्ण स्वतःच बांधून घेतो. ‘दामोदर’ हे नाव या शिक्षेचेच. एका ठिकाणी भय, दुसऱ्या ठिकाणी प्रेम; परंतु शिक्षेला अर्थ येतो तो ती सोसणाऱ्यामुळे. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर, दटावणीच्या आज्ञार्थाला समोर द्वितीय पुरुष लागतो.

हा निकष एका परिचित आधुनिक शिल्पाला लावून पाहावा. बी. व्ही. वाघ यांनी घडविलेल्या आणि १९६७ मध्ये संसदभवनाच्या आवारात अनावरण झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यात डाव्या हाती संविधान असून उजव्या हाताची तर्जनी पुढे रोखलेली आहे. हीच धाटणी महाराष्ट्रात गावोगाव रूढ झाली. या बोटात दटावणी पाहणाऱ्याला समोर वाकलेली आकृती मात्र दाखविता येत नाही.

येथे येवल्याचे स्मरण उपयुक्त ठरते. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० पासून चालूनही दार उघडले नव्हते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत, आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा बाबासाहेबांनी केली. तिचा गाभा आज्ञार्थी नाही. तो प्रथम पुरुषातील आणि भविष्यकाळातील आहे. तो निश्चय होता, आणि १९५६ मध्ये नागपुरास तो सिद्धीस गेला.

ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दटावणी ऐकली, त्यांनी ऐकणाऱ्याची जागाच सोडली, हा येवल्याच्या घोषणेचा अर्थ. ती जागा रिकामी झाली की दटावणीचे चित्र पुरे होत नाही. म्हणून त्या पुतळ्याची तर्जनी नावाने तर्जनी असली, तरी कार्याने दिशादर्शक आहे. तीत धाक दिसत असेल, तर तो पाहणाऱ्याने आपल्याबरोबर आणलेला आहे.