गिजुभाईंचे ‘दिवास्वप्न’ : कथा, अनुभव आणि शिक्षकाचे स्वातंत्र्य

प्रस्तावना :
राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने अनुभवाधारित अध्ययन आणि कथाकथनावर आधारलेले अध्यापन यांना सर्व विषयांच्या अध्यापनपद्धतीत स्थान दिले आहे. भारतीय शिक्षणविचाराला मात्र या कल्पना नव्या नाहीत. वकिली सोडून शिक्षणकार्याकडे वळलेले आणि १९२० मध्ये भावनगर येथे बालमंदिर सुरू करणारे गिजुभाई बधेका (१८८५-१९३९) यांनी ‘दिवास्वप्न’ या गुजराती पुस्तकात त्या कथारूपाने मांडल्या. पुढे अनेक भाषांत पोहोचलेले हे पुस्तक बहुधा अध्यापनाच्या युक्त्यांचा संग्रह म्हणून वाचले जाते. हे वाचन अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

कथा : वर्गात प्रवेश करण्याचा मार्ग
‘दिवास्वप्न’मधील प्रयोगशील शिक्षक शिक्षणाधिकाऱ्याकडून एका वर्षासाठी प्राथमिक शाळेतील चौथीचा वर्ग मागून घेतो. पहिल्या दिवशी तो मोठ्या तयारीने शांततेचा खेळ घेतो आणि तो पूर्णपणे फसतो. येथे लेखकाचा प्रामाणिकपणा दिसतो. पुस्तकातून उचललेली पद्धती मुलांची ओळख होण्यापूर्वीच वापरली तर ती निष्फळ ठरते, हे तो आपल्या नायकाच्या फजितीतूनच सांगतो. दुसऱ्या दिवशी गोष्ट सुरू होते आणि आदल्या दिवशी गोंधळ घालणारी मुले एकाग्र होतात. ही गोष्ट मुलांना धडा शिकवण्यासाठी दाखविलेले आमिष नाही, शिक्षक आणि मूल यांच्यातील पहिला विश्वासाचा व्यवहार आहे. याच गोडीतून पुढे वर्गाचे ग्रंथालय, स्वयंवाचन आणि नाट्यप्रयोग उभे राहतात.

अनुभव : हात, शरीर आणि परिसर
गोष्टीबरोबरच स्वच्छता, खेळ आणि खेळातून शिकलेले व्याकरण यांनाही या वर्गात स्थान मिळते. क्रियापदाची व्याख्या पाठ करण्याआधी मूल ती क्रिया स्वतः करते. त्यामुळे व्याकरणाची संज्ञा त्याच्यापर्यंत अनुभवामागून येते. गिजुभाईंच्या विचाराचे मर्म या क्रमातच आहे. हा क्रम उलटला की ‘कृती’ केवळ व्याख्येचे सुशोभन उरते.

मर्यादा :
‘दिवास्वप्न’ ही स्वतःच एक कथा आहे, हे समीक्षकाला विसरता येत नाही. प्रयोग यशस्वी होणे लेखकाच्या हाती आहे. नायकाच्या पाठीशी अधिकारी उभा आहे. त्याच शाळेतील अन्य शिक्षकांना असे पाठबळ नाही. त्यामुळे त्यांचा विरोध केवळ जडत्वातून आलेला मानणे अन्यायाचे ठरेल. शिवाय येथील मुले शाळेत येतात, हे गृहीतच आहे. जी मुले शाळेच्या दारापर्यंत पोहोचतच नाहीत, त्यांच्यासाठी या पुस्तकात उत्तर नाही.

कोसबाडचा पडताळा :
हे उत्तर महाराष्ट्रात शोधले गेले. भावनगर येथे गिजुभाईंच्या सहकारी असलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या आणि १९५७ मध्ये हे कार्य आजच्या पालघर जिल्ह्यातील कोसबाड येथे गेले. मुले बालवाडीत येत नाहीत, हे दिसताच बालवाडी पाड्यावरच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. महागड्या साधनांची जागा शंख-शिंपले, बिया, पाने व खडे यांनी घेतली. भावनगरच्या विचाराचा येथे नुसता विस्तार झाला नाही, त्यात दुरुस्तीही झाली. शाळेने मुलाला अनुभव पुरवायचा, ही भूमिका मागे पडली आणि मुलाजवळ असलेल्या अनुभवापाशी शाळेने जायचे, ही भूमिका पुढे आली.

निष्कर्ष :
‘दिवास्वप्न’ आणि कोसबाड यांना जोडणारे सूत्र शिक्षकाचे स्वातंत्र्य हे आहे. फसलेला खेळ दुसऱ्या दिवशी सोडून देण्याची आणि शाळेची जागा व वेळ बदलण्याची मोकळीक नसती, तर यांपैकी काहीच घडले नसते. आज कथाकथन धोरणात आले आहे. तथापि ते पाठ-टाचणातील एक रकाना, उपक्रमाच्या अहवालातील एक छायाचित्र एवढेच उरण्याचा धोका आहे. ठरलेल्या तासिकेत ठरलेली गोष्ट सांगून ठरलेले निष्पन्न नोंदविणाऱ्या शिक्षकाला गिजुभाईंचा वारसा सांगता येणार नाही. अध्यापक महाविद्यालयांपुढील प्रश्नही हाच आहे. भावी शिक्षकाला गोष्ट सांगण्याचे कौशल्य शिकविणे तुलनेने सोपे आहे. सरावपाठात त्याचा एखादा प्रयोग फसला तर त्याचे गुण कापायचे, की त्यातून तो काय शिकला हे विचारायचे, याचा निर्णय अधिक कठीण आहे. ‘दिवास्वप्न’चा आरंभच अपयशाने होतो. हा आरंभ वगळून त्या पुस्तकातील केवळ यश अभ्यासक्रमात आणणे म्हणजे त्याचे अर्धेच वाचन होय.