प्रतिमासंपादनातील अ‍ॅडजस्टमेंट लेअरची स्क्रिप्टद्वारे ओळख : नारायणगावच्या तमाशा-फलकांच्या संदर्भात एक समीक्षा

प्रस्तावना

जुन्नर तालुक्यातील नारायणगाव ही तमाशाची पंढरी म्हणून ओळखली जाते. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे फडांच्या राहुट्या उभ्या राहतात आणि गावोगावचे कारभारी यात्रेसाठी सुपारी द्यायला येतात. राहुटीबाहेरचा फलक फडाचे नाव सांगतो आणि कलावंतांचे चेहरे दाखवितो. कारभारी खेळाआधी फलक पाहतो; म्हणून त्यावरील चेहरा ही केवळ सजावट नसून फडाच्या व्यवहाराचा भाग असते. पूर्वी असे फलक पेंटर हाताने रंगवीत. आज ते संगणकावर जुळवून फ्लेक्सवर छापले जातात. या बदलातून एक प्रश्न निर्माण होतो. छापलेल्या चेहऱ्यावर कोणते संस्कार झाले, हे पुढे कोणाला सांगता येईल काय? फोटोशॉपमधील स्क्रिप्ट या प्रश्नाचे एक उत्तर देऊ पाहते. त्या उत्तराचे मोल आणि मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अ‍ॅडजस्टमेंट लेअरचे स्वरूप

फोटोशॉपमध्ये थरांची सोय १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आली आणि अ‍ॅडजस्टमेंट लेअर १९९६ च्या चौथ्या आवृत्तीत. सामान्य थरात प्रतिमेचे बिंदू असतात. अ‍ॅडजस्टमेंट लेअरमध्ये चित्र नसते, सूचना असते : खालच्या थरांतील उजेड वाढवावा, रंगछटा फिरवावी, रंग काढून टाकावा. लेव्हल्स, कर्व्हज्, ह्यू-सॅच्युरेशन, कलर बॅलन्स, ब्लॅक अँड व्हाइट, थ्रेशोल्ड हे त्याचे काही प्रकार होत. थर बंद केला की मूळ छायाचित्र जसेच्या तसे दिसते. अशा रीतीने थर राखलेली फाइल ही आपल्यावरील संस्कारांची नोंदवहीही असते. मात्र छपाईसाठी सर्व थर एकत्र करून जेपेग प्रत काढली की ही नोंद त्या प्रतीत उरत नाही.

ओळखीच्या पद्धती

२००३ च्या सीएस आवृत्तीपासून स्क्रिप्टची सोय फोटोशॉपमध्ये अंगभूत झाली. थराचा प्रकार ओळखण्याचा सर्वांत भाबडा मार्ग म्हणजे थराचे नाव वाचणे. परंतु ‘कर्व्हज् १’ हे नाव कोणीही बदलू शकतो. दुसरा मार्ग थराचा ‘काइंड’ हा गुणधर्म वाचण्याचा असून तो प्रकार थेट सांगतो. तिसरा मार्ग अ‍ॅक्शन मॅनेजरचा. तेथे ‘लेअरकाइंड’ हा केवळ एक अंक मिळतो आणि सर्व अ‍ॅडजस्टमेंट लेअरसाठी तो २ असतो. तो लेव्हल्सचा आहे की कर्व्हजचा, हे जाणण्यासाठी त्याच वर्णनातील ‘अ‍ॅडजस्टमेंट’ नावाची यादी उघडून तिच्यातील पहिल्या घटकाचा वर्ग पाहावा लागतो. गटांत ठेवलेले थर वरवरच्या गणनेत येत नाहीत. त्यासाठी स्क्रिप्टला प्रत्येक गटात उतरावे लागते.

तांत्रिकदृष्ट्या प्रश्न येथे सुटतो. समीक्षेच्या दृष्टीने तो येथून सुरू होतो.

प्रकार आणि परिणाम

पहिली मर्यादा अशी की, प्रकारावरून परिणाम कळत नाही. एकच चेहरा लेव्हल्सने उजळता येतो, कर्व्हजने उजळता येतो, किंवा मूल्ये मुळीच न बदललेला कर्व्हज् थर ‘स्क्रीन’ या मिश्रणपद्धतीवर ठेवूनही उजळता येतो. स्क्रिप्ट शेवटच्या दोन्ही ठिकाणी ‘कर्व्हज्’ एवढेच सांगेल. मिश्रणपद्धती, अपारदर्शकता आणि थरांचा क्रम नोंदविल्याशिवाय प्रकाराचे नाव अपुरेच राहते.

दुसरी मर्यादा मास्कची. संपूर्ण छायाचित्र उजळणे ही प्रकाशाची दुरुस्ती असू शकते. फक्त स्त्री-कलावंताचा चेहरा आणि हात उजळणे हा वर्णाविषयीचा निर्णय असतो. दोहोंत थर एकाच प्रकारचा असेल. फरक मास्कमध्ये असेल. गोरेपणाचा सामाजिक आग्रह प्रकाराच्या नावात सापडत नाही, तो मास्कच्या सीमारेषेत सापडतो.

तिसरी मर्यादा वर्गीकरणातच आहे. स्मार्ट ऑब्जेक्टवर लावलेला तोच संस्कार स्मार्ट फिल्टर म्हणून नोंदला जातो, स्वतंत्र थर म्हणून नव्हे. अंक २ शोधणारी स्क्रिप्ट त्याला पाहतच नाही. सपाट रंगाच्या फिल लेअरचेही तसेच आहे. लेअर्स पॅनलच्या तळाशी तो अ‍ॅडजस्टमेंट लेअरच्याच यादीत दिसतो. अ‍ॅक्शन मॅनेजरमध्ये मात्र त्याचा अंक ११ आहे.

ही तिसरी मर्यादा केवळ तांत्रिक नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्या ऐन उमेदीच्या काळातील छायाचित्रण प्रामुख्याने कृष्णधवल होते. त्या पिढीच्या कलावंतांची कृष्णधवल छायाचित्रे आज रंगीत करावयाची झाल्यास त्वचेचा रंग मूळ प्रतिमेतून मिळत नाही. तेथे केवळ करडी छटा असते. रंग संपादक ठरवितो आणि पुष्कळदा तो ‘कलर’ मिश्रणपद्धतीवरील फिल लेअरने भरतो. म्हणजे कलावंताच्या रूपाविषयीचा सर्वांत मोठा निर्णय नेमका त्या थरात असू शकतो, जो अ‍ॅडजस्टमेंट लेअर शोधणाऱ्या स्क्रिप्टच्या नजरेतून सुटतो. ज्या फडाने आपल्या नावात ‘मांग’ हा शब्द उघडपणे धारण केला, त्या परंपरेतील स्त्रीचा वर्ण एखाद्या अनामिक थराने परस्पर ठरवावा, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

खोडदचा दाखला

नोंदीची शिस्त कशी असावी, याचा दाखला नारायणगावच्या परिसरातच मिळतो. नजीकच्या खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या निरीक्षणांतून घडणारी आकाशाची प्रतिमाही डोळ्यांनी पाहिलेली नसते. अंशशोधन आणि गणिती संस्कारांतून ती तयार होते. परंतु तेथे मूळ निरीक्षणे प्रतिमेपासून वेगळी जतन होतात आणि खगोलशास्त्रात रूढ असलेल्या फिट्स फाइलच्या शीर्षभागात संस्कारांचा इतिहास लिहिण्यासाठी स्वतंत्र जागा असते. संस्कार झाले म्हणून ती प्रतिमा अविश्वसनीय ठरत नाही. संस्कार तपासता येतात म्हणून ती विश्वसनीय ठरते. फलकाचा हेतू शास्त्रीय नाही आणि त्याने आकर्षक असू नये, असे कोणी म्हणणार नाही. तथापि फलकासाठी केलेली प्रतिमा उद्या कलावंताच्या चरित्रात, संग्रहालयात वा पाठ्यपुस्तकात पुरावा म्हणून वावरू लागते. तेव्हा तिच्या इतिहासाची गरज पडतेच.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, अ‍ॅडजस्टमेंट लेअरचा प्रकार ओळखणारी स्क्रिप्ट उपयुक्त आहे, पण एकटी पुरेशी नाही. लोककलेच्या प्रतिमा जतन करताना तिने प्रकारासोबत मास्क, मिश्रणपद्धती, अपारदर्शकता आणि क्रम नोंदवावा. फिल लेअर व स्मार्ट फिल्टर वगळू नयेत. आणि ही नोंद थर राखलेल्या फाइलीसोबत, मूळ अस्पर्शित छायाचित्राशेजारी ठेवावी. यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. फ्लेक्स जुळविणाऱ्या कारागिराने जेपेग प्रत पाठविल्यानंतर थरांची फाइल पुसून न टाकणे, ही त्याची पहिली पायरी होय. राहुटीवरचा फलक हंगामाबरोबर उतरतो. कलावंताचा चेहरा मात्र त्यानंतरही पाहिला जाणार असतो.