खेळाचे धावते वर्णन आणि मराठी वाणी

खेळाच्या सामन्याचे धावते वर्णन हा वाङ्मयाचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न कोणी केल्यास पुष्कळ विद्वान भुवया उंचावतील. परंतु जे वैरागसारख्या गावी रेडिओभोवती बसून, मैदान डोळ्यांनी कधीही न पाहता, सामना पाहत आले, त्यांस या प्रश्नाचे उत्तर सांगावयास नको. डोळ्यांचे काम केवळ शब्दांनी करावयाचे, तेही पुढे काय घडणार हे ठाऊक नसता, ही कसोटी नाटककारासही सहसा द्यावी लागत नाही.

आपल्याकडे या कलेचा आरंभ इंग्रजीत झाला. 1934 मध्ये मुंबईच्या चौरंगी क्रिकेट सामन्यांचे वर्णन तल्यारखान यांनी केले; ते एकट्यानेच दिवसभर बोलत. पुढे महाराष्ट्राकडून स्वतः क्रिकेट खेळलेले बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवर हीच कामगिरी मराठीत पार पाडली. त्यांचा विशेष हा की, ऐकणारास आपण भाषांतर ऐकत आहो असे वाटत नसे. याचे एक कारण शब्दांत आहे. ‘पायचीत’ हा शब्द पाहावा. त्यातील ‘चीत’ कुस्तीच्या हौद्यातून आले आहे. परका खेळ मराठी मातीत लोळवून घेतल्याखेरीज असा शब्द जन्मास येत नाही.

क्रिकेटास मात्र एक सोय आहे. दोन चेंडूंच्या मध्ये बोलणारास श्वास घ्यावयास सवड मिळते. फुटबॉल ती देत नाही. 1927 मध्ये लंडनच्या बी.बी.सी.ने फुटबॉल सामन्याचे पहिले धावते वर्णन केले, तेव्हा चेंडू कोठे आहे हे कळावे म्हणून मैदानाचे चौकोन आखलेला नकाशा आधी छापून श्रोत्यांस द्यावा लागला. तात्पर्य, फुटबॉलाच्या वर्णनास विशेषणे कामाची नाहीत. त्यास स्थळ आणि क्रियापद ही दोनच हवीत.

स्कॉटलंडची गोष्ट येथे मननीय आहे. पहिला आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना 1872 मध्ये ग्लासगो येथे झाला, आणि 1937 मध्ये त्याच शहरी इंग्लंडविरुद्धचा सामना पाहण्यास 1,49,415 लोक जमले. तथापि आम्हांस याहून महत्त्वाची वाटणारी गोष्ट निराळी आहे. त्या देशात गेलिक भाषा बोलणारे सत्तर हजारांच्या आसपास आहेत. तरी 2008 मध्ये निघालेल्या गेलिक दूरचित्रवाहिनीवर फुटबॉलचे वर्णन त्या भाषेत होते. प्राचीन गीतांपुरती भाषा जतन करून ती जगत नाही, हे त्या लोकांनी ओळखले.

मराठी बोलणारे 2011 च्या शिरगणतीप्रमाणे 8 कोटींहून अधिक. आणि आमच्याकडे कोल्हापूर आहे. तेथे 1940 पासून कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन नांदत आहे. शाहू स्टेडियमवर उतरणाऱ्या संघांची नावेच पाहा: पाटाकडील तालीम, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा. तालमींनी फुटबॉल आपलासा केला, असे उदाहरण अन्यत्र क्वचितच सापडेल. मग त्या खेळाच्या वर्णनासही तालमीची भाषा का लाभू नये? ‘ऑफसाइड’ वा ‘कॉर्नर’ यांस मराठी प्रतिशब्द घडवा, असा आमचा आग्रह नाही. नामे उसनी चालतील. परंतु हुलकावणी देणे, मुसंडी मारणे, चकवणे, रेटणे, हुकणे ही क्रियापदे आपल्या घरची आहेत, आणि आट्यापाट्या व हुतूतू यांनी ती घासून लखलखीत केलेली आहेत.

2023 मध्ये आय.पी.एल.चे सामने मराठी वर्णनासह ऐकावयास मिळाले, हे इष्टच झाले. तथापि अलीकडच्या पुष्कळशा वर्णनांत दोन दोष वारंवार आढळतात. चित्र समोर असताना दिसते तेच पुन्हा सांगणे हा पहिला; आणि सामान्य फटक्यासही ‘अप्रतिम’ म्हणून ओरडणे हा दुसरा. ज्याने पहिल्याच घटकेस सर्व विशेषणे खर्चिली, त्याच्यापाशी निर्णायक गोलाच्या क्षणी काय उरणार? पंडितांच्या पिढीपाशी चित्र नव्हते, म्हणून शब्दांची काटकसर तिला शिकावी लागली. आज ती सक्ती राहिली नाही. ती आपखुषीने पत्करावी लागेल.

शाळेत मराठी शिकणारे मूल मैदानावर कोणत्या भाषेत ओरडते, यावर त्या भाषेचे पुढचे दिवस बरेचसे अवलंबून आहेत. म्हणून धावत्या वर्णनाची परीक्षा कथाकादंबऱ्यांइतक्याच कसोशीने आपल्या मासिकांनी करावी, असे आमचे मत आहे.